फ्यूज माणसाला राखीत नाही

सभासद बंधूंनो, आपली पोरं विहिरीवरच्या मोटारीची कामं शिकू लागली, हे चांगलंच झालं. पण पहिला धडा पक्का हवा. पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार ४१५ व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर करंट घेते. फ्यूज त्याहून जास्तीचा असतो. माणसाच्या जिवाला मात्र ०.०३ अँपिअरही धोक्याचा! माणूस चिकटला तरी फ्यूजला पत्ता लागत नाही. फ्यूज राखतो ती वायर. माणसासाठी मोटारीला चांगलं अर्थिंग आणि पेटीत ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. हवा.

हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा, तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवावेत. टेस्टर आधी चालू लाईनवर लावून पाहावा, मगच तिन्ही तारा तपासाव्यात. बिघडलेल्या टेस्टरला जिवंत तारही मेलेलीच दिसते.