पिस्तुलाची मूठ

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर येथे आमचे वडिलोपार्जित घर आहे. ह्या घरात शस्त्र म्हणून आजवर जे काही वावरले ते विळी, अडकित्ता आणि दसऱ्याच्या पूजेपुरते माळ्यावरून खाली येणारे एक तलवारीचे म्यान एवढेच. त्यातली तलवार कोणत्या पिढीत कोठे गेली हे कोणास ठाऊक नाही. अशा घरात मागच्या दिवाळीस पुण्यास शिकणारी आमची पुतणी एक लांबट काळी पेटी घेऊन उतरली आणि तिने ती ओसरीवर उघडली, तेव्हा घरातल्या मंडळींच्या तोंडचे पाणी पळाले. पेटीत पिस्तूल होते.

वास्तविक नेमबाजी हा खेळ आता आम्हांस परका राहिलेला नाही. २०२४ च्या १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफलीच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, त्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटले होते. परंतु दुसऱ्याच्या मुलाने पदक आणणे निराळे आणि आपल्या मुलीने पिस्तूल आणणे निराळे! आमच्या मातोश्रींनी ती पेटी देवघराच्या अलीकडेच थांबविली. वहिनींनी शेजारची मुले घरी पाठविली. दादांनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, "ह्याला परवाना आहे का?" हा पहिला प्रश्न केला.

प्रश्न योग्यच होता. हे पिस्तूल दारूगोळ्याचे नसून दाबलेल्या हवेवर चालणारे होते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या हवेच्या हत्यारास परवाना लागत नाही. काडतुसाच्या पिस्तुलास मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याचा परवाना लागतोच. अर्थात परवाना नको म्हणजे ते खेळणे झाले असे नव्हे. त्यातून सुटणारा शिशाचा छर्रा डोळा घालवू शकतो. म्हणून पिस्तूल रिकामे असले तरी भरलेलेच आहे असे समजून वागावे, त्याचे तोंड माणसाकडे कधीही करू नये, हा नियम पुतणीने प्रथम सर्वांकडून म्हणवून घेतला आणि छर्ऱ्यांची डबी मातोश्रींच्या कपाटात कुलपात ठेवविली. त्यानंतर वातावरण थोडे निवळले.

पण तिचा चेहरा काही निवळलेला दिसेना. रात्री जेवणे झाल्यावर कळले ते असे. हे पिस्तूल तिने वापरलेले म्हणून स्वस्तात घेतले होते आणि त्याची अक्रोडाच्या लाकडाची मूठ आधीच्या मालकाच्या, म्हणजे चांगल्या थोराड पुरुषाच्या, हाताच्या मापाची होती. सहा महिने तिचे छर्रे डावीकडे आणि खाली जात होते, मनगट दुखत होते, गुण वाढावयाचे नाव घेत नव्हते. "आता सोडूनच द्यावे म्हणते," असे ती म्हणाली. दादांचा निकाल तयारच होता, "नाचता येईना, अंगण वाकडे!"

ह्या ठिकाणी अंगण खरोखरच वाकडे होते की काय, हे पाहावयाचे तर त्या खेळाचे माप पाहिले पाहिजे. हवेच्या पिस्तुलाचे लक्ष्य १० मीटरवर असते. त्यातील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर रुंद, म्हणजे मोठ्या काबुली हरभऱ्याएवढे. त्यापुढील प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर सरकते आणि एकेक गुण कमी होतो. हे लक्ष्य उभे राहून, एकाच हाताने, साठ वेळा, सव्वा तासात साधावयाचे. पिस्तुलाच्या पुढच्या टोकास एक उभी पट्टी असते व मागे एक खाच असते. पट्टी खाचेच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे. ह्या दोहोंत सुमारे ३२० मिलिमीटरचे अंतर धरले, तर पट्टी खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूस गेली की छर्रा लक्ष्यावर १५–१६ मिलिमीटर बाजूस जातो, म्हणजे एक गुण तरी गेला. अर्धा मिलिमीटर म्हणजे नखाची जाडी! मनगट ओढून धरावे लागत असेल तर एवढा फरक दर वेळी पडणारच. तो खाचेचे स्क्रू फिरवून झाकता येतो, परंतु चाळिसाव्या छर्ऱ्याच्या सुमारास हात थकला की झाकलेले पुन्हा उघडे पडते. पुतणीने सहा महिने हेच केले होते.

मूठ हाताची आहे की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे, आणि ती तिने ओसरीवर आम्हांस करून दाखविली. पिस्तूल रिकामे. समोर भिंतीतला कोनाडा, त्यात खडूची एक खूण. डोळे मिटावयाचे, हात सहज उचलावयाचा, श्वास अर्धा सोडून थांबावयाचे, मग डोळे उघडावयाचे. मूठ मापाची असेल तर पट्टी खाचेत आपोआप मध्ये येऊन बसते. तिची पट्टी दर खेपेस खाचेच्या डाव्या कडेला टेकलेली असे. दादांनी तिला पाच वेळा करावयास लाविले, पाचही वेळा तेच. दादा काही बोलले नाहीत. सकाळी उठून गावातल्या म्हाताऱ्या सुतारांना निरोप मात्र त्यांनीच धाडला.

सुतारकाकांनी जन्मभर कुळव, तिफणी आणि चौकटी केल्या. पिस्तुलाची मूठ त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण पुतणी काय सांगते ते त्यांस चटकन उमगले, कारण कुदळीचा दांडा घेणाऱ्याच्या हाताप्रमाणे करावा लागतो हे त्यांच्या रक्तातच होते. मूठ पिस्तुलापासून सोडवून घेतली, कारण तासकाम नेहमी सुट्या मुठीवरच करावयाचे. हातास खडूची पूड लावून मूठ धरली की जेथे हात टेकतो तेथे पांढरे उमटते आणि जेथे टेकत नाही तेथे लाकूड काळेच राहते. अंगठ्याच्या बुडाशी एक मोठा उंचवटा टोचत होता, तर तळहाताच्या मध्यावर बोटभर पोकळी होती. सुतारकाकांनी प्रथम पोकळी लाकडाच्या भुशाच्या लुकणाने भरली. घालून पाहिलेले काढता येते, काढलेले लाकूड परत येत नाही, म्हणून आधी भर आणि मग कानस हा क्रम. दोन दिवस हे चालले होते. कानशीचे चार हात, काचकागद, खडू, पुन्हा मिटलेले डोळे. चापावर जाणारे बोट लाकडास कोठेही घासता कामा नये, कारण बोट मागे येताना लाकूड ढकलले की नळी हलते. मधल्या दोन बोटांनी पकड धरावयाची, अंगठ्याने दाबावयाचे नाही. आणि मूठ फार घट्टही नको. हात सहज आत गेला पाहिजे आणि दर वेळी त्याच जागी गेला पाहिजे.

येथे वाचकांच्या मनात असे येईल की, मग मूठ मनगटापर्यंत वाढवून हातास आधारच का देऊ नये? तेवढ्यासाठीच नियम आहेत. मूठ मनगटास आधार देता कामा नये. तळहाताखालची फळी वरच्या बाजूस वळवून हात कवटाळणारी करता कामा नये. सारे पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत असले पाहिजे. दुर्बीण, आरसा, प्रकाशकिरण काही चालत नाही. स्पर्धेपूर्वी पंच मोजून पाहतात. ५० मीटरच्या पिस्तुलास मात्र हाताभोवती गुंडाळलेली मूठ चालत असे. तो प्रकार २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेला.

हात आणि मूठ ह्यांची गोष्ट निघाली की हंगेरीच्या कारोय टाकाच ह्यांची आठवण येते. हा लष्करी नेमबाज. १९३८ साली हातबाँब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. उजव्या हाताची मूठ डाव्या हातास कवडीच्या उपयोगाची नसते, कारण तिचा प्रत्येक चढउतार उलटा असतो. त्यांनी डाव्या हाताने पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जलद पिस्तूल नेमबाजीची सुवर्णपदके मिळविली.

मुठीनंतर चाप. हवेच्या पिस्तुलाचा चाप निदान ५०० ग्रॅम भार उचलील असा असावा लागतो. पंच चापास वजन अडकवून पिस्तूल उभे वर उचलतात, वजन उचलले जाण्याआधी चाप सुटला की नापास. म्हणून शहाणे नेमबाज नेमक्या पाचशेवर न राहता पाच-दहा ग्रॅम वर राहतात. परंतु भाराहून महत्त्वाचे ते चापाचे 'बोलणे'. आधी थोडे सैल अंतर, मग एक स्पष्ट अडणे, मग काचेची काडी मोडावी तसे सुटणे, आणि सुटल्यावर बोट पुढे वाहून जाऊ नये म्हणून लागलीच थांबणे. मिरजेच्या कारागिरांस तंबोऱ्याची जवारी काढताना ज्यांनी पाहिले असेल त्यांस हे लगेच कळेल. तेथेही घोडीवर कानशीचा अर्धा हात अधिक पडला की सूर बसतो. काडतुसाच्या पिस्तुलाचा चाप घरी कानशीने खरवडणे हे तर धोक्याचे आणि बेकायदा काम; ते परवानाधारक कारागिराकडेच द्यावे.

आता माझा अपराध सांगणे प्राप्त आहे. मूठ छान जमली, पुतणी हसू लागली, आणि मला वाटले आपणही काही हातभार लावावा. ती झोपली असता शिवणयंत्राचे तेल घेऊन मी पिस्तुलाच्या नळीत आणि नळकांड्याच्या सांध्यात चांगले सहा-सात थेंब सोडले. सकाळी तिने पाहिले मात्र, तिचा चेहरा उतरला. "काका, ह्यात तेल कोणी घातले?" एवढेच ती म्हणाली.

ह्या पिस्तुलाच्या नळकांड्यात सुमारे २०० बार दाबाची हवा असते, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. ती अडवून धरणाऱ्या रबरी कड्यांस त्यांच्यासाठीच नेमलेले वंगण लागते. कित्येक जातींच्या रबरास खनिज तेल मानवत नाही, शिवाय दाबलेल्या हवेजवळ ते पेटण्याचीही भीती असते. नळीत तेल राहिले तर छर्रे जातील तिकडे जातात. नळी पुसावयाची ती नमद्याच्या कोरड्या गोळ्यांनी, तीही मधूनमधून. नळकांड्यावर मुदत कोरलेली असते. दहा वर्षांनंतर ते वापरावयाचे नाही. खेळून झाल्यावर शिशामुळे हात धुवावयाचे. एवढीच निगा, पण ती ज्याने पुस्तिका वाचली आहे त्याने करावी! पुण्यास गेल्यावर पिस्तूल दुरुस्तीस द्यावे लागले, कडी बदलावी लागली, आणि तेवढ्यात जिल्ह्याची एक स्पर्धा हुकली. तिने मला दोष दिला नाही, ह्याचेच अधिक वाईट वाटते.

एका बारीक भागाने काय होते हे साऱ्या देशाने पाहिले आहे. २०२१ च्या २५ जुलैस, टोकियो ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत, मनू भाकर ह्यांच्या पिस्तुलाचा छर्रा भरावयाचा खटका मोडला. दुसरे पिस्तूल जवळ असते, पण त्याची मूठ निराळी, तोल निराळा. दुरुस्तीत सुमारे वीस मिनिटे गेली आणि उरलेले छर्रे घाईत सोडावे लागले. ५७५ गुण झाले, अंतिम फेरी ५७७ वर थांबली. तीन वर्षांनी पॅरिसला त्यांनी ह्याच प्रकारात कांस्यपदक घेतले.

पुतणीचे मन मात्र २५ मीटरच्या पिस्तुलात आहे, कारण तेथे आपल्याकडच्या दोघींचे नाव आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत आणि पुण्याच्या अनिसा सय्यद ह्यांनी २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत जोडीने सुवर्ण मिळविले. राही ह्यांना मध्यंतरी कोपराच्या दुखापतीने बराच काळ बाजूस बसावे लागले. त्या परत आल्या आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ३४–३४ अशी बरोबरी झाल्यावर दोनदा जादा फैरी झाडून सुवर्ण घेतले. हे पिस्तूल ५.६ मिलिमीटर काडतुसाचे. वजन १४०० ग्रॅमच्या आत, चाप हजार ग्रॅमचा. त्यातल्या जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंदच उघडे असते, त्यात हात उचलून एक गोळी. निगाही निराळी. जळलेली दारू, मेण आणि शिसे साचते, म्हणून रोज साफ करावे लागते. तेल लागते, पण फडक्याने पुसल्याइतके. अधिक झाले तर दारूची काजळी त्यास चिकटून काडतूस अडते. हे मी आता वाचून घेतले आहे.

मातोश्रींनी जुन्या लुगड्याची दुहेरी पिशवी शिवून दिली, ती काळ्या पेटीत पिस्तुलाखाली असते. गेल्या मे महिन्यात पुतणीचा फोन आला. गुण चढले आहेत की नाही ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. म्हणाली, "उन्हाळ्याने हात फुगतो आहे, मूठ घट्ट होते. करंगळीच्या बाजूस दोन तांदूळभर काढता येईल का, एवढे सुतारकाकांना विचारून ठेवा. आणि काका, तुम्ही हात लावू नका."