राइखेनाऊ बेटावरील भित्तिचित्रे

जर्मनीच्या दक्षिणेस, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत कॉन्स्टन्स नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या पश्चिम भागात राइखेनाऊ हे लहानसे बेट वसले आहे. इ. स. ७२४ मध्ये तेथे ख्रिस्ती संन्याशांचा मठ स्थापन झाला. पुढे तो विद्या, ग्रंथलेखन आणि चित्रकला यांचे मोठे केंद्र बनला. पूर्वी बेटावर होडीनेच जावे लागे. एकोणिसाव्या शतकात पाण्यातून भराव घालून रस्ता बांधण्यात आला. आज त्या रस्त्याने, उंच पॉप्लर वृक्षांच्या रांगेतून गेले, की भाजीपाल्याच्या मळ्यांत उभे असलेले सेंट जॉर्जचे चर्च दिसते.

नवव्या शतकाच्या अखेरीस मठाधिपती तिसरा हाट्टो याने बांधविलेले हे चर्च बाहेरून अगदी साधे आहे. आत पाऊल टाकताच मात्र दृष्टी मधल्या दालनाच्या भिंतींवर खिळते. कमानींच्या वर दोन्ही बाजूंना चार-चार अशी आठ मोठी चित्रे आहेत. ती दहाव्या शतकातील असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कुष्ठरोगी बरा होतो, जन्मांधाला दृष्टी लाभते, मृत लाझरस पुन्हा जिवंत होतो, असे येशू ख्रिस्ताचे चमत्कार त्यांत रेखाटले आहेत. एका चित्रात ख्रिस्त सरोवरातील वादळ शांत करतो. पाण्याने वेढलेल्या या बेटावरील लोकांना ते चित्र विशेष जवळचे वाटले असेल. चित्रांखाली लॅटिन ओळी आहेत. पण ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी भिंत हाच ग्रंथ होता.

याच चर्चमध्ये चौदाव्या शतकातील एक मिश्कील चित्रही आहे. सैतानांनी गाईचे कातडे ताणून धरले आहे आणि त्यावर बायकांच्या वायफळ गप्पांची नोंद केली आहे. पुरुषांच्या गप्पांसाठी कातडे कोणी ताणलेले दिसत नाही!

पुढे ही भित्तिचित्रे चुन्याच्या थरांखाली झाकली गेली आणि १८८० च्या सुमारास पुन्हा उजेडात आली. त्यांचे रंग आता फिकट झाले आहेत, बारकावेही पुसट झाले आहेत. २००० साली राइखेनाऊ बेटाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

चित्रांचा खरा शत्रू ओलावा आहे. उन्हाळ्यात बाहेरची उष्ण, दमट हवा दारातून आत शिरते. जाड दगडी भिंती तेव्हाही थंडच असतात, त्यामुळे त्यांवर दव जमते. गिलाव्यातील क्षार त्या ओलाव्यात विरघळतात आणि वाळताना पुन्हा स्फटिकरूप होऊन रंगाचे पापुद्रे उचलतात. बुरशीही धरते. दार जितक्या वेळा उघडेल, तितकी ही हानी वाढते. शिवाय माणसांच्या श्वासातील बाष्पाची भर पडते ती वेगळीच. म्हणून उन्हाळ्याच्या महिन्यांत केवळ मार्गदर्शकासह, ठरावीक वेळीच प्रवेश मिळतो. दूरवरून आलेल्या प्रवाशाला हा नियम जाचक वाटतो खरा. परंतु हजार वर्षांच्या रंगांपुढे तासाभराची प्रतीक्षा फार नव्हे. तेवढ्या वेळात बेटावरील इतर दोन प्राचीन चर्चांपैकी एखादे पाहून होते.