तांब्याचे तोंड आणि चित्रकाराचा डोळा

'हातात कला नाही' असे म्हणून अनेक जण शाळेनंतर पेन्सिल कायमची खाली ठेवतात. प्रत्यक्षात चित्रकलेच्या पहिल्या धड्यांत शिकायचे असते ते डोळ्याने; हात त्याच्या मागोमाग येतो.

स्वयंपाकघरातला एक तांब्या टेबलावर ठेवावा, समोर दोन-तीन हातांवर बसावे आणि तो कागदावर काढावा. घरातल्या चार जणांनी हा प्रयोग केला, तर बहुतेक चित्रांत एकच चूक आढळेल. तांब्याचे तोंड जवळजवळ पूर्ण गोल काढलेले असेल आणि बूड मात्र सरळ आडव्या रेषेने संपलेले असेल. तोंड गोल असते हे ठाऊक आहे. तांब्या सपाट पृष्ठभागावर बसतो हेही ठाऊक आहे. हाताने ही दोन्ही माहिती इमानाने कागदावर उतरवली. डोळ्याला मात्र त्या जागेवरून यांपैकी काहीच दिसत नव्हते.

वर्तुळ तिरपे पाहिले की लंबवर्तुळासारखे दिसते. तांब्याचे तोंड बरोबर डोळ्यांच्या पातळीवर धरले तर ते एका आडव्या रेषेत मिटून जाते. ते खाली नेऊ लागले की हळूहळू उघडते. आधी अरुंद, मग अधिक रुंद. थेट वरून डोकावले तरच ते पूर्ण वर्तुळ होते. टेबलावरच्या तांब्याचे बूड तोंडापेक्षा खाली, म्हणजे नजरेच्या पातळीपासून अधिक दूर असते. त्यामुळे बुडाची वक्ररेषा तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोलाईची हवी. गोल तोंड आणि सपाट बूड एकाच चित्रात येतात, तेव्हा एक डोळा छताला टांगलेला आणि दुसरा टेबलाच्या कडेला टेकलेला, अशी ती अशक्य अवस्था असते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण तांब्या 'बसत नाही' हे लगेच जाणवते.

माहिती आणि दर्शन

दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचे झाड. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी हे निसर्गचित्र काढले आहे. ज्यांच्या खिडकीतून डोंगर दिसत नाही, त्यांनीही ते काढले. लहान मुलाच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही. मूल चित्रांतून बोलत असते आणि त्रिकोण हा त्याच्या भाषेतला 'डोंगर' हा शब्द असतो. अडचण येते ती दहा-बारा वर्षांच्या वयात. चित्र खऱ्यासारखे दिसावे असे मुलाला वाटू लागते, पण हाताशी असतात ती जुनीच चिन्हे. ती अपुरी पडतात आणि मूल निष्कर्ष काढते, की आपला हातच वळत नाही.

तोच हात पुढे सुईत दोरा ओवतो, ठिपक्यांची रांगोळी काढतो, दरवेळी तशीच सही करतो. रेषा ओढण्यापुरते कौशल्य त्याच्यात असतेच. अमेरिकी कलाशिक्षिका बेटी एडवर्ड्‌स यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात यासाठी एक सोपा प्रयोग सुचवला. एखादे रेखाचित्र उलटे ठेवायचे आणि तसेच उलटे उतरवून काढायचे. नाक, हात, खुर्ची अशी नावे त्या अवस्थेत चटकन सुचत नाहीत; उरतात त्या फक्त रेषा, त्यांचे कोन आणि त्यांमधली अंतरे. कागद सुलटा केल्यावर नवशिक्याला आपलेच चित्र पाहून आश्चर्य वाटते. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांविषयीची एडवर्ड्‌स यांची मांडणी आज शास्त्रज्ञांना अतिसुलभ वाटते. प्रयोगाचा उपयोग मात्र त्यामुळे कमी होत नाही.

मोजमापाची सवय

पाहणे म्हणजे नुसते टक लावणे नव्हे. चित्रकार पाहतो तो तुलना करून. हात कोपरात न वाकवता सरळ पुढे धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचे टोक वस्तूच्या माथ्याशी जुळवायचे आणि अंगठा सरकवत खालच्या कडेपर्यंत आणायचा. मिळालेले माप आडवे धरून रुंदीशी ताडायचे. तांब्याची उंची रुंदीच्या सव्वापट आहे की दीडपट, हे अशा रीतीने अर्ध्या मिनिटात कळते. हात दरवेळी तितकाच लांब राहिला पाहिजे, एवढीच अट.

चेहरा काढताना हीच सवय कामी येते. नवशिक्यांच्या चित्रांत डोळे बहुधा फार वर, कपाळाच्या जागी जातात. मोजून पाहिले तर प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या जवळपास मध्यावर असतात. लक्ष डोळे-नाक-ओठांकडे लागलेले असते आणि वरचा अर्धा भाग, म्हणजे कपाळ व केस, मनातल्या मनात आक्रसून जातो.

रिकाम्या जागेकडे पाहणे हा दुसरा उपाय. कपाचा कान काढताना कान आणि कप यांच्यामधल्या पोकळीचा आकार काढावा. त्या पोकळीला नाव नसते, त्यामुळे तिच्याविषयी मनात पूर्वग्रहही नसतो. ती अचूक आली की कान आपोआप जागेवर बसतो.

भारतीय परंपरेलाही हा विचार अपरिचित नव्हता. कामसूत्रावरील 'जयमंगला' या टीकेत यशोधराने चित्रकलेची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. भावाच्या आधी रूपांमधला भेद ओळखणे आणि प्रमाण यांचा उल्लेख येतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्रकाश आणि उभे राहण्याची जागा

बाह्यरेषा बरोबर आली तरी तांब्या सपाटच दिसतो. त्याला गोलाई देतो तो प्रकाश. खिडकी एका बाजूला असेल तर तांब्यावर क्रमाने एक तेजस्वी ठिपका, उजळ भाग, मधली छटा आणि गडद छायेचा पट्टा दिसतो. नवशिक्याची नजर चुकवणारी गोष्ट त्यापुढे असते. अगदी कडेला छाया पुन्हा किंचित उजळते, कारण टेबलावरून परतलेला प्रकाश तिथे पोहोचतो. तांब्याची टेबलावर पडलेली सावलीही बुडाशी गडद आणि दूर जाताना फिकट, मऊ होत जाते. डोळे किलकिले करून पाहिले की बारीक तपशील पुसले जातात आणि छटांचे हे मोठे गट वेगळे दिसतात. सरावासाठी एचबी आणि ४बी अशा दोन पेन्सिली पुरेशा आहेत. एच म्हणजे कठीण व फिकट, बी म्हणजे मऊ व गडद.

तांब्याच्या तोंडाला लागू होणारा नियम घरे, रस्ते आणि स्थानके यांनाही लागू होतो. लोकलच्या फलाटावर उभे राहून रुळांकडे पाहिले तर ते दूर एका बिंदूत मिळताना दिसतात. फलाटाच्या कडा आणि छपराच्या पन्हळी यांचाही रोख त्याच बिंदूकडे असतो. हा बिंदू पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतो. फलाटावरच्या बाकावर बसले की तो खाली येतो, पादचारी पुलावर चढले की वर जातो. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने या यथार्थदर्शनाचे प्रयोग केले आणि १४३५ साली अल्बर्तीने चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात त्याची रीत लिहून ठेवली. सपाट, घन वाटणाऱ्या चित्रांतून थेट वास्तवाचा भास निर्माण करण्याची वाट त्यातून खुली झाली. 'आपण कुठे उभे आहोत' हे चित्रकाराने आधी ठरवायचे असते, हे त्या रीतीचे सार होय.

पाहण्यातून स्मरणाकडे

येथे एक रास्त शंका उभी राहते. पुस्तकासाठी किंवा मासिकासाठी बोधचित्र काढणाऱ्यापुढे वस्तू कुठे असते? कथेतली म्हातारी, पावसातला वाडा, घोड्यावरचा स्वार हे सारे त्याला मनातूनच काढावे लागते. मग समोरचा तांब्या गिरवण्याचा उपयोग काय?

राज्याच्या कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांच्या रचनेत याचे उत्तर आहे. दहावीच्या वाढीव गुणांपुरते या परीक्षांकडे पाहिले जाते. पण त्यांतील वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र या विषयांचा एकमेकांशी संबंध आहे. वस्तुचित्रात पाहणे, स्मरणचित्रात पाहिलेले आठवणे आणि संकल्पचित्रात त्याची नवी मांडणी करणे. पहिली पायरी गाळली तर स्मरणचित्रात पुन्हा तेच दोन डोंगर आणि तोच सूर्य उगवतो.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा इतिहास याची साक्ष देतो. १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले आणि तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम १८८५ पर्यंत चालले. याच शाळेत शिकून पुढे तेथेच शिकवणारे म. वि. धुरंधर (१८६७-१९४४) यांनी मुंबईच्या रस्त्यांवरची माणसे, त्यांचे पेहराव, पगड्या आणि उभे राहण्याच्या लकबी असंख्य रेखाटनांत टिपल्या. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकाची चित्रे त्यांचीच. तिथे लुगड्याची प्रत्येक चुणी खालच्या शरीराच्या ठेवणीशी जुळते, ती याच सरावामुळे.

बोधचित्राला आणखी एक निवड करावी लागते: कथेतला नेमका कोणता क्षण दाखवायचा? मजकुराने जे सांगून टाकले तेच चित्राने पुन्हा सांगितले, तर जागा वाया जाते. म्हणूनच अनुभवी चित्रकार आधी काड्यापेटीएवढी चार-पाच कच्ची रेखाटने करून पाहतो आणि मग मोठा कागद घेतो. १९४५ साली 'दीपावली' वार्षिक सुरू करणारे दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी मराठी वाचकाला अशा चित्रांची गोडी लावली. वसंत सरवटे (१९२७-२०१६) हे तर व्यवसायाने अभियंता. नोकरी सांभाळून त्यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली. त्यांच्या मोजक्या रेषांत माणसाचा स्वभाव दिसतो, कारण काय गाळायचे हे ठरवण्याआधी सगळे पाहिलेले असते.

रोजची पंधरा मिनिटे

सुरुवात करणाऱ्याने पहिला महिना घरातल्या भांड्यांवर घालवावा. एकच तांब्या बसून, उभे राहून आणि जमिनीवरून पाहून काढावा. नंतर फलाटावर थांबलेली माणसे अर्ध्या-एका मिनिटात टिपावीत. चेहरा सोडून आधी पाठीचा कल आणि कोणत्या पायावर भार आहे एवढेच पाहावे. खोडरबर शक्यतो दूर ठेवावे. चुकलेली रेषा तशीच ठेवून शेजारी सुधारित रेषा काढली, की किती आणि कुठे चुकले हे डोळ्यांसमोर राहते. आठवड्यातून एकदा, दिवसा काढलेली वस्तू रात्री न पाहता पुन्हा काढावी. जे आठवत नाही ते नीट पाहिलेच नव्हते, हे त्यातून कळते.

२०२२ नंतर चार शब्द लिहिले की चित्र तयार करून देणारी संगणकीय साधने सर्वसामान्यांच्या हाती आली. त्यामुळे मुलाने वस्तुचित्राचा सराव का करावा, असा प्रश्न पालक विचारतात. बाजारात कोणत्या चित्रकाराचे काम टिकेल हा चिंतेचा विषय खरा आहे आणि त्याचे सोपे उत्तर नाही. परंतु यंत्राने दिलेल्या चित्रात दोन सावल्या दोन दिशांना पडल्या आहेत, हे ओळखायलाही शिकलेला डोळाच लागतो. शिवाय तांब्याचे चित्र यंत्राकडून मिळाले, तरी तांब्या पाहण्याची ती पंधरा मिनिटे त्यातून मिळत नाहीत. वर्षानुवर्षे हातात असलेल्या भांड्याची कड अमुक ठिकाणी थोडी चेपलेली आहे, हे ज्याला पहिल्यांदा दिसते त्याचे शिक्षण सुरू झालेले असते.