रात्री दोनचा कागद

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात ऑन-कॉलची पाळी असते. मध्यरात्री सर्व्हर बंद पडला तर झोपेतून उठलेल्या माणसाने काय तपासायचं आणि कोणाला फोन करायचा, हे आधीच लिहून ठेवतात. बरा न होणारा आजार ज्या घरात आहे, तिथे असा कागद क्वचितच दिसतो.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपचार सोडून देणं नव्हे. दुखणं, धाप, उलट्या, भीती आटोक्यात ठेवणं हाही उपचारच. 2010 साली अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा सुरुवातीपासून मिळालेले रुग्ण सुमारे 11.6 महिने जगले, बाकीचे 8.9 महिने. शिवाय त्यांचे दिवसही अधिक सुसह्य गेले.

तरीही असे रुग्ण कॅज्युअल्टीत पोहोचतात. दोन डोसांच्या मधे कळ उसळते, धाप लागते, लघवीची नळी तुंबते. कधी तर चार दिवस पोट साफ न झाल्यानेच माणूस तळमळतो. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून त्यासोबत पोट साफ होण्याचं औषधही द्यावं लागतं. रात्री डॉक्टरांचा फोन लागत नाही आणि घरचे ॲम्ब्युलन्स बोलावतात.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी रुग्णाला कधी पाहिलेलं नसतं. फाइल घरी राहिलेली असते. जीव वाचवणं हे त्यांचं काम. म्हणून नळ्या, आयसीयू, व्हेंटिलेटर सुरू होतं. अमेरिकेतला मुलगा फोनवर सांगतो, "सगळं करा." जवळ उभ्या असलेल्या सुनेला आजींची इच्छा ठाऊक असते, पण त्या वेळी तिचं कोण ऐकणार?

म्हणून शांत दिवशी, पॅलिएटिव्ह डॉक्टरांसोबत बसून एक कागद करा. आजार कोणता, औषधं कोणती, कळ आली तर जादा डोस किती आणि किती वेळाने, धाप लागली तर काय करायचं, रात्री फोन कोणाला, हे सगळं त्यावर हवं. डोस डॉक्टरांनीच लिहून द्यावा. मॉर्फिनच्या नुसत्या नावाला घाबरून तो टाळू नये.

कॅज्युअल्टीत कधी जायचं, तेही लिहून घ्या. कर्करोगाच्या रुग्णाचे पाय अचानक लुळे पडले किंवा लघवी अडली, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो; तिथे तासही मोलाचे. केमोनंतरचा ताप किंवा पडून मोडलेलं हाड, यातही घरी थांबू नये.

आणि सगळ्यात वर रुग्णाची इच्छा असू द्या. ती त्यांनाच विचारा. शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला. 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे.

आपल्या हैदराबादेत एमएनजे कर्करोग रुग्णालयात पॅलिएटिव्ह विभाग आहे, स्पर्श हॉस्पिस आहे. गरज पडण्याआधी एकदा जाऊन भेटा. कागदाची एक प्रत फ्रिजवर लावा, एक फाइलमध्ये ठेवा आणि फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. अमेरिकेतल्या मुलालाही तो आधीच वाचायला मिळू दे.