निकसपणा राखणारी शेती

शेतकरी जमिनीचा कस वाढावा म्हणून झटतो. इंग्लंडच्या विल्टशायरमध्ये, स्टोनहेंजजवळच्या पार्सनेज डाउनवर मात्र माती निकसच राहावी यासाठी शेती चालते.

हा खडूचा माळ. खाली पांढरा ठिसूळ दगड, वर मातीचा पातळ थर. पाणी झरकन मुरतं, स्फुरद चुन्यात अडकून पडतं. कुठल्याच गवताला इथे माजता येत नाही, म्हणून अशा माळावर चौरस मीटरभर जागेत चाळीसपर्यंत जातींच्या वनस्पती नांदू शकतात. रासायनिक खत टाकलं, की चार दांडगी गवतं फोफावून बाकीच्यांना दडपतात.

हे दारिद्र्य मेंढ्यांनी घडवलं. शतकानुशतकं त्या दिवसा माळावर चरत आणि रात्री खालच्या शेतात कोंडल्या जात. लेंड्या-मुताचं खत तिथे पडे. कोकणात उतरलेले धनगर भातखाचरात मेंढरं बसवतात आणि बदल्यात धान्य घेतात, त्यातलाच हा प्रकार. गव्हासाठी माळ रोज थोडा थोडा लुटला गेला आणि त्या लुटीतून फुलं आली. निसर्गप्रेमाचा यात काहीच संबंध नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर असे माळ धडाधड नांगरले गेले. रॉबर्ट वेल्स या शेतकऱ्याने हा नांगरला नाही. १९८० च्या सुमारास हा माळ सरकारी निसर्गसंस्थेकडे गेला, पण शेत म्हणूनच चालत राहिला. लाँगहॉर्न गाई आणि मेंढ्या हीच इथली अवजारं. मेंढी बुडख्यापर्यंत कुरतडते, फुलं वेचून खाते. गाय जिभेने झुपका ओढते, गवत उंचसखल ठेवते, तिच्या खुरांनी उघड्या पडलेल्या मातीत बी रुजतं.

खरी कसोटी वेळेची. अडोनिस ब्लू हे निळं फुलपाखरू आखूड गवतातल्या हॉर्सशू व्हेच या रोपावर अंडी घालतं. गवत थोडं वाढलं तरी जमीन गार पडते आणि ते ती जागा सोडतं. मार्श फ्रिटिलरी या दुसऱ्या फुलपाखराला मात्र जरा उंच गवत हवं. त्यामुळे चराईचं ठरीव वेळापत्रक इथे कामाचं नाही; रोज माळ बघून जनावरं हलवावी लागतात.

पूर्वी नांगरलेली जमीन पुन्हा असा माळ करायची तर नुसतं बी पेरून भागत नाही. जुन्या खतांचा स्फुरद मातीत वर्षानुवर्षं टिकून असतो. त्यावर चटकन लागू पडणारा उपाय नाही: वरून काही द्यायचं नाही, गवत कापून बाहेर न्यायचं, चरून वाढलेली जनावरं विकायची, आणि हे बरीच वर्षं करत राहायचं.