रामेनच्या दुकानात रोजा सोडताना

शिक्षणासाठी, नोकरीसाठी जपानला गेलेल्या मुलांना घरून पहिला प्रश्न जातो तो जेवणाचा. आमच्या घरांतून विचारतात, 'हलाल मिळतं का रे?' माळकरी घरातून विचारतात, 'बिनमांसाचं काही मिळतं का?' टोकियोत या दोन्ही मुलांची गाडी एकाच वाडग्यापाशी अडते. रामेनच्या.

रामेन म्हटलं की आपल्याला झटपट नूडल्सचं पाकीट आठवतं. तेही जपानचंच, मोमोफुकु आंदो यांनी ते १९५८ मध्ये बाजारात आणलं. दुकानातला रामेन मात्र वेगळा. तासन्‌तास उकळलेला हाडांचा शोरबा, त्यात गव्हाच्या नूडल्स, वर मांसाचे काप, मुरवलेलं अंडं आणि कांद्याची पात. ऑफिस सुटलं की चार सहकारी मिळून रामेन खायला जातात आणि नव्या माणसालाही बोलावतात. तीनदा 'नाही' म्हटलं की चौथ्यांदा कोण विचारणार? परक्या देशात उपाशी राहण्यापेक्षा हे एकटं पडणं जास्त लागतं.

नाही म्हणावं लागतं, कारण हाडं बहुधा डुकराची असतात. फुकुओकाकडचा प्रसिद्ध 'तोन्कोत्सु' रामेन तर सगळा त्याच शोरब्यावर उभा. वरचे 'चाशू' नावाचे कापही सहसा डुकराचेच. ते काढून ठेवा म्हटलं तरी शोरब्याचं काय करणार? कोंबडीचा शोरबा असला, तरी कोंबडी जबह केलेली असेलच असं नाही. शिवाय सॉसमध्ये मिरिन किंवा साके, म्हणजे तांदळाची दारू, पडलेली असू शकते. शाकाहारी मुलाची फसगत आणखी वेगळी. वर नुसत्या भाज्या दिसतात, पण खाली सुक्या मासळीचा अर्क असतो. 'तोच डाव भाजीत घातला होता का?' असं हॉटेलात विचारणारा माळकरी आपण पाहिलेला आहे. रोजेदाराचा प्रश्न त्याच जातीचा.

गंमत अशी, की 'रामेन' हा शब्द चिनी 'लामिएन'वरून, म्हणजे हाताने ओढलेल्या नूडल्सवरून आला असं मानतात. आणि चीनमधल्या लानझोउ शहराच्या लामिएनचं नाव झालं ते हुई मुसलमान आचाऱ्यांमुळे. जपानला हा पदार्थ पोचला तो दुसऱ्या वाटेने. १९१० मध्ये टोकियोच्या आसाकुसा भागात 'राइराइकेन' सुरू झालं. जपानमधलं पहिलं रामेनचं दुकान म्हणून त्याचं नाव घेतात. तिथे योकोहामाहून आणलेले चिनी आचारी होते.

त्याच आसाकुसात, सेन्सोजी या बौद्ध मंदिराच्या परिसरात, आज 'नारितया' हे हलाल रामेनचं दुकान आहे. शोरबा कोंबडीचा. असं दुकान सापडलं की गोष्ट उलटी होते. आता आपला मुलगा सहकाऱ्यांना म्हणू शकतो, 'आज माझ्याबरोबर चला.' शाकाहारी मुलासाठी टोकियो स्टेशनच्या आत 'टीज तानतान' आहे. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच वापरत नाहीत. बऱ्याच रामेनप्रेमी मुसलमानांचीही तिथे सोय होते.

काही ठिकाणी नुसतीच 'डुकराचं मांस नाही' अशी पाटी दिसते. हलालचा दावा नसतो. तेवढ्यावर कोणी आत जातो, कोणी परत फिरतो. एकाच घरातले दोन भाऊसुद्धा वेगळं ठरवतात. मला मात्र खोट्या हलालपेक्षा ही अर्धी पण खरी पाटी बरी वाटते. निर्णय ज्याचा त्याच्याकडे राहतो.

रामेनच्या दुकानाची रीतही जाणून घेण्यासारखी. अनेक दुकानांत दाराशीच यंत्र असतं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी घेऊन बसायचं. 'इचिरान' या साखळीत तर दोन ग्राहकांमध्ये लाकडी आडपडदा असतो. शेजारी कोण बसलंय ते दिसत नाही; समोरच्या झडपेतून वाडगा येतो. आपल्या इफ्तारच्या अगदी उलट! आपल्याकडे एका थाळीभोवती पाच-सहा हात, भज्यांवरून पोरांची ओढाताण. इथे ज्याचा वाडगा त्याचा, आणि दहा-पंधरा मिनिटांत खुर्ची मोकळी करायची. नूडल्सचे भुरके मात्र मोठ्याने मारले तरी चालतात. आपल्याकडे बशीतला चहा तसा प्यायलो तर आजी डोळे वटारायची.

एक गोष्ट मात्र रोजेदारासाठीच केल्यासारखी आहे. बसल्या बसल्या समोर गार पाण्याचा पेला येतो, किंवा जग ठेवलेलाच असतो. त्याचे पैसे नाहीत. खिशात खजूर असला, मगरिबची वेळ फोनवर पाहिली, की रोजा सुटला. वाडगा येईपर्यंत दुआही होते. थाळीभोवती बसून इफ्तार करायची ओढ असेल, तर योयोगी-उएहारा भागात टोकियो जामी ही तुर्की धाटणीची मशीद आहे. मूळची १९३८ची, आजची इमारत २००० सालची. रमजानमध्ये तिथे इफ्तारला देशोदेशीची माणसं जमतात.

दुकानात जायचं असेल तर एक लक्षात ठेवावं. शोरबा रोजच्या रोज शिजतो आणि तो संपला की अनेक दुकानं वेळेआधीच बंद होतात. मगरिबनंतर घरून निघण्यापेक्षा खजूर खिशात घालून आधीच रांगेत उभं राहावं.