जाड पोलादाची कड आणि सांध्याचा हिशेब

परदेशीपुरा हा इंदूरच्या कापड गिरण्यांच्या परिसरातील भाग. नजीकची हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली. परंतु लोखंडकाम या नगरातून गेलेले नाही. गिरण्या उभ्या राहिल्या त्या काळी बॉयलरचे जाड पत्रे रिव्हेट ठोकून जोडीत. आज ते वेल्डिंगने सांधतात. या सांध्याचे यश ज्या पूर्वतयारीवर अवलंबून असते, ती म्हणजे पत्र्याची कड तासणे. लोखंडाचा व्यवहार करणाऱ्या आमच्या बंधूंस ही बाजू ठाऊक असावी, म्हणून आम्ही ती येथे मांडीत आहो.

पातळ पत्रा कडेला कड लावून सरळ सांधता येतो. तोच २४ मिलिमीटर जाड असला की वेल्डिंगची आच तळापर्यंत पोहोचत नाही. वरून सांधा भरलेला दिसतो, आत फट राहते, आणि दाब सोसताना भेग तिथूनच सुरू होते. म्हणून दोन्ही कडा तिरप्या कापून मध्ये चर ठेवितात. हा चर बहुधा ६० अंशांचा असतो. तळाशी दीड-दोन मिलिमीटर कड सरळ राखून दोन-तीन मिलिमीटर फट सोडतात.

आता हिशेब पाहू. तळाची फट व सरळ कड न धरल्यास, एकतर्फी चरात दर मीटरला सुमारे २.६ किलो धातू भरावा लागतो. तोच चर दोन्ही बाजूंनी निम्मा-निम्मा कापला तर १.३ किलो पुरतो. जाडी दुप्पट झाली की एकतर्फी चराचे भरण चौपट होते. यास्तव फार जाड पत्र्यास तळाशी गोलाई असलेला, उभट भिंतींचा चर देतात. भरण कमी, तर कांडी, वीज व मजुरी कमी. पत्रा वाकण्याचे भयही कमी.

साध्या कामास गॅसने कापलेली तिरपी कड पुरते. मात्र तिच्यावरील खपली घासून काढावी लागते, आणि काही जातींच्या पोलादात ती कड कठीणही होते. गोलाईचा चर यंत्रावरच नीट उतरतो. कडा रंधणाऱ्या यंत्रात पत्रा जखडून ठेवितात व हत्यार कडेच्या लांबीभर फिरून थोडा थोडा कीस काढते. आणखी एक लाभ असा की, पत्र्याच्या पोटात पापुद्रा सुटला असल्यास तासलेल्या स्वच्छ कडेवर त्याची रेघ दिसू शकते.

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या नावाने पुणे जिल्ह्यात वसलेल्या वालचंदनगरात साखरेपासून आरंभ झाला. पुढे तेथे साखर कारखान्यांची यंत्रे, बॉयलर आणि अणुभट्ट्यांचे भागही घडले. अशा कामात कडेची हयगय खपत नाही.

वेल्डिंग झाले की कड कायमची झाकली जाते. मग ती तपासण्यास क्ष-किरण वा ध्वनिलहरी लागतात. म्हणून मागणीपत्रात चराचा कोन, तळाची फट व कड तासण्याची रीत स्पष्ट लिहावी, आणि भरण होण्यापूर्वी माल एकदा डोळ्यांखालून घालावा. ही पायरी गाळणाऱ्याच्या वहीत बचत दिसते. पण त्या बॉयलरशेजारी रोज कामगार उभा असतो, हे आपण विसरू नये.